दिनविशेष : १ जुलै



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आर्द्रा नक्षत्र चालू असेल. कुणाची पेरणी आटोपली असेल, कुणी धुऱ्यावर बसून ढगांकडे पाहत असेल, तर कुणाच्या घरी दुबार पेरणीच्या बियाण्याचा विचार चालला असेल. अशा घाईच्या दिवसांत इतिहास कोण वाचतो, असे कुणी म्हणेल. परंतु १ जुलै ही तारीख आपल्या धंद्याची आहे. शेतीची सरकारी आकडेवारी ज्या कृषी वर्षाने मोजतात, ते वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. पूर्वी सहकारी सोसायट्यांचे वर्षही जूनअखेर संपत असे, आणि जुन्या लोकांच्या बोलण्यात 'जूनअखेरची वसुली' हा शब्द अजून ऐकू येतो. या एका तारखेला महाराष्ट्रात काय काय घडले, ते आज क्रमाने पाहू.

सन १८५२ : पत्राला तिकीट

त्या काळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी पत्रांसाठी अर्ध्या आण्याचे तिकीट काढले. त्याला 'सिंध डाक' म्हणतात. आशिया खंडातले हे पहिले टपाल तिकीट. सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली ती त्यानंतर, १८५४ मध्ये.

हेच फ्रिअर पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकिर्दीची गोष्ट वऱ्हाडच्या माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला, कंपन्यांवर कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. कापसाचा भाव शेताच्या धुऱ्यावर ठरत नाही, साता समुद्रापलीकडे ठरतो, हा धडा आपल्याला दीडशे वर्षांपूर्वीच मिळाला आहे. तेजीच्या वर्षी हात आखडता घ्यावा, हे तेव्हापासूनचे शहाणपण.

सन १९१० : मोरिया बोट

नाशिक जिल्ह्यातील भगूरचे विनायक दामोदर सावरकर यांना खटल्यासाठी इंग्लंडहून हिंदुस्थानात पाठवण्यात आले. १ जुलै १९१० रोजी त्यांना 'मोरिया' बोटीवर चढवले. आठवड्याने, ८ जुलैला, मार्सेलिस बंदरात त्यांनी समुद्रात उडी घेतली. ती उडी शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते, म्हणून येथे एवढेच.

सन १९१३ : गहुलीचा मुलगा

१ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या लहानशा गावी, बंजारा समाजातल्या शेतकरी घराण्यात वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म झाला. आपल्या राज्यात हा दिवस 'कृषी दिन' म्हणून पाळतात तो त्यांच्यामुळे. पुसद तालुका तेव्हा आपल्या जिल्ह्यात नवा होता. १९०५ मध्ये जुना वाशीम जिल्हा मोडला, तेव्हा तो इकडे जोडला गेला आणि त्याच वेळी जुन्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

वसंतरावांचे सुरुवातीचे शिक्षण आसपासच्या खेड्यांत, पुढचे अमरावतीला आणि नागपूरला झाले. वकिलीची परीक्षा देऊन त्यांनी पुसदला वकिली सुरू केली. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५२ मध्ये आमदार झाले. त्या वेळी आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त काळ ते मुख्यमंत्री राहिले. इतका काळ त्या खुर्चीवर दुसरे कोणी बसलेले नाही.

त्यांची तीन कामे शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचली.

पहिले काम ते मुख्यमंत्री होण्याआधीचे. १९६० मध्ये महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. गावचा कारभार गावाजवळ कसा आणावा, हा तिचा विषय. त्या समितीच्या शिफारशींवरून १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. माझ्यासारखा विस्तार अधिकारी तुमच्या बांधावर येतो, तो या व्यवस्थेमुळे.

दुसरे काम बियाण्याचे. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचा 'सीएसएच-१' हा पहिला वाण प्रसारित झाला. १९६५-६६ हे दिवस अन्नटंचाईचे होते. रेशनवर परदेशी मिलो आणि लाल गहू खाऊन लोकांनी दिवस काढले. अशा वेळी, दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, असे वसंतरावांनी पुण्याच्या शनिवारवाड्यावरील सभेत सांगितले, अशी आठवण जुनी मंडळी सांगतात. हायब्रीडने एकरी उत्पन्न वाढवले, हे खरे. हा वाण लवकर येई. पण नेमक्या दाणे भरण्याच्या वेळी पाऊस आला की कणसे काळी पडत. भाकरीला जुन्या ज्वारीची चव नाही, ताट बुटके म्हणून कडबा कमी, अशा तक्रारी बायाबापड्यांनी केल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. पुढचे वाण सुधारत गेले. संशोधनाला जागा हवी म्हणून राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे उभी राहिली, तीही १९६८ ते १९७२ या काळात. आपले अकोल्याचे विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९चे. आज आपल्या जिल्ह्यात सोयाबीन आणि कपाशी यांनी ज्वारीला हुसकावले आहे. कडबा गेला, त्याबरोबर गोठेही रिकामे होत चालले. ज्वारीचे दोन तास तरी घरच्या भाकरीसाठी आणि जनावरांसाठी पेरा, हे मी सभेत दरवर्षी सांगतो. या वर्षी लेखात सांगतो.

तिसरे काम १९७२च्या दुष्काळातले. लागोपाठ पिके बुडाली. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत, पाझर तलाव आणि बांध घालत होती. मागेल त्याला काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांची, सांगली जिल्ह्यात तिचा प्रयोग आधीच झाला होता. सरकारने ती योजना राज्यभर नेली, पुढे तिचा कायदा झाला आणि तो १९७९ मध्ये अमलात आला. २००५ मध्ये सबंध देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. कापसाची एकाधिकार खरेदीही वसंतरावांच्याच काळात, १९७२च्या हंगामात सुरू झाली. तिच्यातले चुकारे, ग्रेडर, गाड्यांच्या रांगा हे सगळे पन्नाशीपुढच्या वाचकांनी भोगलेले आहे. तरी हमीचा भाव म्हणजे काय, हे कापूसवाल्याला तिच्यामुळे कळले. ती योजना आता इतिहासजमा झाली.

१८ ऑगस्ट १९७९ रोजी वसंतराव वारले. पुढे १९९१ मध्ये त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी जलसंधारणाचे काम हाती घेतले. एकाच तालुक्यातून दोन मुख्यमंत्री गेले, याचा पुसदकरांना अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे.

सन १९५५ : सरकारी बँक

आता पुढच्या तीन नोंदी एकत्र वाचाव्यात, कारण तिन्ही कर्जाच्या आहेत आणि तिन्ही १ जुलैच्या.

१९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर खेड्यांतल्या कर्जाची पाहणी केली. समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला होते आणि आपले धनंजयराव गाडगीळ तिचे एक सभासद होते. पाहणीत असे आढळले की शेतकरी जे शंभर रुपये कर्ज काढतो, त्यातले सुमारे सत्तर सावकाराकडून येतात, सहकारी सोसायटीकडून तीन, सरकारकडून तीन आणि बँकांकडून एक रुपयाही पुरता येत नाही. यावर उपाय म्हणून समितीने खेड्यापाड्यांकडे जाणारी सरकारी बँक हवी असे सांगितले. त्याप्रमाणे इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी भारतीय स्टेट बँक जन्माला आली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढण्याचे काम तिच्यावर सोपवले होते.

सन १९७५ : वीस कलमे

आणीबाणी लागू होऊन आठवडाही झाला नव्हता. १ जुलै १९७५ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. त्यात वेठबिगारी बंद करणे होते, तसेच भूमिहीन, लहान शेतकरी आणि कारागीर यांच्या कर्जाची वसुली थांबवणेही होते. महाराष्ट्रातही त्या वर्षी कर्जमुक्तीचा कायदा झाला. गरिबाची गहाण भांडी आणि दागिने परत मिळावेत, हा हेतू चांगला होता. पण पेरणीला पैसा लागायचा तो लागलाच. उघड सावकारी थांबली तेथे चोरटी सावकारी सुरू झाली. कागद फाटला, सोसायटीतून वेळेवर पैसा न मिळणाऱ्याची नड मात्र तशीच राहिली.

सन २००६ : पॅकेज

तिसरी नोंद आपल्या अंगणातली आहे. त्या सुमारास वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हादरला होता आणि त्यात यवतमाळ जिल्ह्याचे नाव पहिल्याने घेतले जाई. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ३० जूनला विदर्भात आले आणि १ जुलै २००६ रोजी त्यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे ते सहा जिल्हे.

तिच्यात थकीत कर्जावरचे सुमारे ७१२ कोटींचे व्याज माफ झाले. हिशेबाची तारीख १ जुलै. त्या दिवशी शेतकऱ्याच्या डोक्यावर मागील व्याज राहू नये आणि त्याला लगेच नवे कर्ज मिळावे, अशी योजना होती. मुद्दल कायम राहिले. त्याचे हप्ते पाडून दिले. नव्या कर्जासाठी १,२७५ कोटी, तर सिंचनासाठी २,१७७ कोटी ठेवले होते, म्हणजे अर्ध्याहून जास्त रक्कम पाण्याची. बियाणे, फळबाग आणि जोडधंदा यांनाही वाटा होता.

काही घरांना त्या योजनेने श्वास घ्यायला जागा दिली, हे मी नाकारणार नाही. पण तीन उणिवा स्पष्ट होत्या. सावकाराचे कर्ज तिच्या बाहेर राहिले. धरणाचा पैसा पाटाने शेतापर्यंत यायला वर्षे लागतात. यंदाची पेरणी तेवढी थांबत नाही. आणि जेथे उन्हाळ्यात माणसाला पाणी नाही, तेथे वाटलेल्या दुभत्या गाई-म्हशींना चारा कोठला? २००८ मध्ये देशभर कर्जमाफी झाली, तेव्हाही पूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा होती. बागायती भागात पाच एकरवाला चांगला बागायतदार असतो. आपल्या कोरडवाहू भागात आठ-दहा एकरवालाही नडलेला असतो. तो त्या माफीतून पुरता सुटला नाही.

तीन वेळा, वीस ते तीस वर्षांच्या अंतराने, याच तारखेला कर्जाच्या प्रश्नाला हात घातला गेला. बँक आली, मुक्ती आली, माफी आली. त्यांचा उपयोग झाला तेथे झाला. पण कोरडवाहू शेतीचे उत्पन्न आणि तिच्यावरचा खर्च यांचा मेळ बसत नाही तोवर नवे-जुने करण्याचे चक्र थांबत नाही. एका वर्षीचे कर्ज दुसऱ्या वर्षीच्या कर्जाने फेडायचे, आणि पाऊस चुकला की थकबाकीदार व्हायचे, हे आपल्या प्रत्येक सोसायटीच्या दप्तरात लिहिलेले आहे.

बाकीच्या नोंदी

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा पुन्हा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र पोहरादेवी मानोरा तालुक्यात येते. त्याच दिवशी तिकडे धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला.

जुलैचा पहिला आठवडा वनमहोत्सवाचा. ही प्रथा १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी केंद्रात अन्न व कृषिमंत्री असताना घातली. १ जुलै २०१६ रोजी आपल्या राज्यात एका दिवसात दोन कोटी ऐंशी लाखांवर रोपे लावली गेली. रोप लावायला एक दिवस पुरतो, जगवायला तीन उन्हाळे लागतात. म्हणून धुऱ्यावर पाचच लावा, पण जगतील अशी लावा.

१ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू व सेवा कर सुरू झाला. खतावर १२ टक्के कर बसणार होता, तो ऐन आदल्या दिवशी ५ टक्क्यांवर आणला गेला.

१ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली आणि २५ जण दगावले. प्रवासी बहुतेक विदर्भातले, आणि त्यांत शिक्षण-नोकरीसाठी पुण्याची वाट धरलेली तरुण मुले होती. ज्या घरांनी ती गमावली, त्यांच्यासाठी या तारखेचा अर्थ कायमचा बदलला.

आपला १ जुलै

कृषी दिनाला तालुक्याच्या गावी कार्यक्रम होतो. वसंतरावांच्या तसबिरीला हार घालतात, चांगल्या शेतकऱ्यांना नारळ-शाल देतात, आमच्यापैकी कोणीतरी भाषण करतो. जमले तर या. पण पेरणीचा वापसा असेल तर येऊ नका, वसंतराव रागावणार नाहीत. घरी मात्र तीन गोष्टी करा.

पहिली : पेरणीची घाई करू नका. जमिनीत ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस मुरल्याशिवाय कोरडवाहू सोयाबीन टाकू नका. पेरण्याआधी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे चांगले. तिफण उताराला आडवी चालवा. मूग-उडीद उरकायचे तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात उरका. पुढे उशीर झाला तर त्या जागी दुसरे पीक घ्या. बियाण्याची पिशवी, तिची खूणचिठ्ठी आणि दुकानाची पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच पुरावा.

दुसरी : फवारणीची तयारी आत्ताच करा. २०१७च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या घरात शेतकरी-शेतमजूर गेले. हातमोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि अंगभर कपडे यांचा खर्च बियाण्याच्या खर्चात धरा. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नका. वाऱ्याच्या उलट दिशेने आणि उपाशीपोटी फवारू नका. मजूर लावला असेल तर त्याच्याही जिवाची जबाबदारी आपली.

तिसरी, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १ जुलैच्या रात्री जेवणे झाल्यावर एक वही घ्या आणि घरातल्या सगळ्या कर्त्या माणसांना बोलवा. बायकोला बसवा, समजत्या मुलाला-मुलीला बसवा, म्हाताऱ्या आईलाही बसवा. सोसायटीचे किती, बँकेचे किती, कृषी केंद्राची उधारी किती, हातउसने किती, सावकाराचे किती आणि कशावर, हे सगळे लिहा. व्याजाचा दर लिहा, फेडीची तारीख लिहा. जिल्ह्यात फिरताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. घरधनी गेल्यावर कागदपत्रे निघतात आणि घरच्यांना पहिल्यांदा कळते की एवढे कर्ज होते. वर्षानुवर्षे त्या माणसाने तो आकडा एकट्याने छातीवर वागवलेला असतो. पाच जणांनी वाटून घेतलेला आकडा कमी होत नाही, पण उचलता येतो. घरच्या बाईच्या नजरेला नको असलेला खर्च लवकर दिसतो, आणि शिकलेली पोरे बँकेत जाऊन नेमके प्रश्न विचारू शकतात.

वहीत सावकाराचे नाव निघाले, तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा. २०१४च्या सावकारी कायद्याप्रमाणे बेकायदा सावकारीत शेत लिहून घेतले असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत ते सिद्ध झाले तर जमीन परत मिळण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. आणि कुणाचे मन फारच खचलेले दिसले, जेवण तुटले, बोलणे तुटले, तर त्याला एकटे सोडू नका. गावच्या आशाताईला सांगा, सरकारी दवाखान्यात घेऊन जा. तापाला औषध घेतो तसे त्यालाही औषध असते.

पुढल्या वर्षी १ जुलैला तीच वही पुन्हा काढा आणि शेजारी नवा आकडा लिहा. सरकारी नोंदींत या तारखेला बँका, कलमे आणि पॅकेजे लिहिली गेली. आपल्या घरची नोंद आपल्यालाच लिहायची आहे. पाऊस वेळेवर येवो आणि दाणा भरून येवो.